सात नंबरची फर्माईश

माझा व्यवसाय सांगितला की समोरचा माणूस आधी अर्धं पाऊल पुढे येतो आणि माझ्या तोंडाचा वास घेतो. त्याला वेलदोड्याचा वास येतो आणि मग त्याची खात्रीच पटते. वास्तविक मला जेवणानंतर वेलदोडा चघळायची सवय आहे, बाकी काही नाही. उभ्या आयुष्यात मी दारूचा थेंब घेतलेला नाही. पण हे मी ज्याला ज्याला सांगितलं, तो तो समजूतदारपणे हसला. म्हणून सांगणं सोडून दिलं.

मी बारमधल्या गाण्याच्या मशीनचा माणूस आहे. पूर्वी रेडिओ दुरुस्त केले, नंतर कॅसेटी विकल्या, मग मेमरी कार्डात गाणी भरून दिली. गाणी लोकांच्या फोनवर फुकट येऊ लागली तेव्हा माझ्या दुकानावर माशा बसायला लागल्या. त्याच सुमारास नागपूरच्या एका कंपनीला हायवेवरच्या बारमध्ये लावलेली मशीनं सांभाळायला माणूस हवा होता. मी जामला राहतो, मला गाण्यातलं कळतं आणि मी पीत नाही. यातला तिसरा गुण त्यांना सगळ्यात मोलाचा वाटला.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भिंतीवर दाराच्या फळीएवढा एक पडदा असतो. प्रत्येक टेबलावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन चिकटवलेला असतो. गिऱ्हाइकानं त्यावर फोन धरायचा, गाण्यांची यादी उघडते, आपलं गाणं निवडायचं, चहाच्या भावात पैसे भरायचे. गाणं रांगेला लागतं आणि पाळी आली की सगळ्या बारला ऐकावं लागतं. थोडे जास्त पैसे मोजले की तुमचं गाणं रांग मोडून पुढे जातं. कंपनीला वाटलं होतं की ही सोय फार कमी लोक वापरतील. कंपनीचा मालक आपल्याकडचा नसावा.

यात माझं काम म्हणजे गाणी भरायची, प्रत्येकाला कप्पा नेमून द्यायचा, स्पीकर सांभाळायचे आणि तक्रारी ऐकायच्या. कप्पे असे: दुःखी, जास्त दुःखी, नाचायची, जुनी, लावणी, भक्ती, देशभक्ती. ‘जास्त दुःखी’ हा कप्पा मी स्वतः काढला. तो सगळ्यात जास्त चालतो.

हे सगळं मी दिवसा करायचो, बार रिकामा असताना. गिऱ्हाइकांची तोंडं मला क्वचितच दिसत. पण कोणत्या टेबलानं काय वाजवलं हे कळायचं, आणि उरलेलं शंकर सांगायचा. शंकर त्या बारमधला सगळ्यात जुना वेटर. त्याच्या खांद्यावरचा रुमाल आणि चेहऱ्यावरचं हसू ही दोन्ही त्याच्या नोकरीइतकीच जुनी होती.

आता बार कुठे ते सांगायला हवं. आमच्या जिल्ह्याला थोरांचे पाय लागले, त्यामुळे जिल्ह्यात दारूबंदी आहे. दारूबंदी म्हणजे दारू प्यायला बंदी असं बाहेरच्या लोकांना वाटतं. आम्ही तिचा अर्थ ‘इथे नको, जरा पुढे’ असा घेतो. जामहून नागपूरकडे निघालं की जिल्हा संपल्याची पाटी लागते आणि पाटीपासून हाकेच्या अंतरावर ‘सीमा बार अँड रेस्टॉरंट’. मालकाच्या बायकोचं नाव सीमा नाही, हे मला पहिल्याच दिवशी समजलं.

सेलूच्या माणसाला खरं तर सेलूच्या बाजूची हद्द जवळ. पण तिकडे ओळखीचे लोक भेटतात म्हणून तो जामवरून लांबचा फेरा घालून सीमाला येतो. आणि जामचा माणूस सेलूवरून फेरा मारून तिथेच पोचतो. चारचौघांत दिसू नये म्हणून सगळे एवढी पायपीट करतात आणि एकाच छपराखाली येऊन बसतात. तिथे एक रीत होती, कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. मालक असो की शंकर, सगळ्यांना एकच हाक: “पाहुणे”. आणि चुकून ओळखीचा समोर आलाच, तर विचारायचं, “काऊन पाहुणे, इकडे कसे?” त्यानं म्हणायचं, “लग्नाले आलतो.” मग तुम्हीही म्हणायचं, “मीही लग्नालेच.” त्या बाजूला वर्षभर, अगदी पितृपक्षातसुद्धा, लग्नं चालू असत.

गाण्यावरून माणूस ओळखायची विद्या मला तिथे मिळाली. दोन सख्खे भाऊ होते, शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बोलचाल बंद झालेले. हे दोघं एकाच संध्याकाळी येऊन लांबलांबच्या टेबलांवर बसायचे आणि एकमेकांना गाण्यांतून शिव्या घालायचे. एकानं दगाबाजीचं गाणं लावलं की दुसरा रांग मोडून त्याच्या पुढे आपलं गाणं घुसवायचा. एकदा दोघांनीही एकाच वेळी बापाच्या आठवणीचं एकच गाणं निवडलं. ते पाठोपाठ दोनदा वाजलं. शंकर म्हणाला, दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा दोघांनीही माना खाली घातल्या होत्या. धुऱ्याचं भांडण अजून कोर्टात आहे.

श्रावणाचं सांगतो. श्रावण पाळणारी मंडळी महिनाभर दारूला शिवत नसत, पण यायचं सोडत नसत. सोडा घेऊन बसायची, ‘जास्त दुःखी’ कप्पा उघडायची आणि नेहमीइतकीच रडायची. माणूस दारूमुळे रडतो ही समजूत मी तेव्हापासून सोडून दिली.

पण सगळ्यात इरसाल गिऱ्हाईक म्हणजे सात नंबर. खांबाआडचं टेबल. तिथे गुरुवारी एक गृहस्थ येऊन बसायचे. पहिला ग्लास शांततेत जायचा. दुसऱ्या ग्लासाला ते रांग मोडून देशभक्तीचं गाणं लावायचे. मशीनमधला तो कप्पा मी पंधरा ऑगस्टपुरता भरला होता, पण सात नंबरचा पंधरा ऑगस्ट दर आठवड्याला यायचा.

“भाऊ, या सात नंबरचं काहीतरी करा,” शंकर कळवळून सांगायचा. “तो देशभक्ती लावते अन् सोता सावधान उभा राह्यते. मंग बाकीचे पाहुणे एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यतात अन् तेही उठतात. अन् एकदा उठलं गिऱ्हाईक खाली बसत नाई भाऊ. सीधं घरी जाते.”

“कोण आहे तो?”

“पाहुणे आहे,” शंकर म्हणाला. रीत म्हणजे रीत. “हाक नाई मारत. बोटातल्या अंगठीनं गिलासावर टक टक टक, तीनदा. मास्तर वर्गात डस्टर आपटते तसं. मंग मी म्हणतो, ‘आलो पाहुणे!’”

या गोष्टी मी घरी जेवताना सांगायचो. बायकोला त्या आवडत नसत. शेजारीपाजारी तिनं ‘हे कंप्युटरमध्ये आहेत’ असं सांगून ठेवलं होतं. पण आमची पोरगी प्रांजली खो-खो हसायची. गुरुवार उलटला की ताट वाढायच्या आधीच तिचा प्रश्न यायचा, “बाबा, सात नंबरनं काल काय लावलं?” मग मी शंकरची नक्कल करायचो, ती सात नंबर व्हायची. वाटीवर चमच्यानं टक टक टक करून खणखणीत आवाजात विचारायची, “काऊन पाहुणे, इकडे कसे?” मी म्हणायचो, “लग्नाले आलतो जी!” बापाच्या धंद्याची लाज न वाटणारं आमच्या घरात ते एकच माणूस होतं. त्यात मला धरलं तरी एकच.

प्रांजली वर्ध्याला दवाखान्यात नर्स आहे. तिथल्याच प्रयोगशाळेतल्या नितीनशी तिनं स्वतःचं जमवलं. मुलगा साजरा, निर्व्यसनी, कमी बोलणारा. अडचण होती त्याच्या वडिलांची. ढगे सर म्हणजे सेलूचे निवृत्त हेडमास्तर आणि दारूमुक्त गाव समितीचे अध्यक्ष. व्यसनावर भाषण द्यायला त्यांना गावोगाव बोलावणं यायचं आणि बोलावणं नसलं तरी ते जायचे. त्यांच्या घरातल्या पोराचं लग्न बारमध्ये काम करणाऱ्याच्या पोरीशी कसं व्हायचं?

पहिल्यांदा आम्ही दोघं नवरा-बायको त्यांच्या घरी गेलो. सर खुर्चीत ताठ बसले होते, बोटात पोवळ्याची ठसठशीत अंगठी.

“आपण काय करता जी?”

“संगीत क्षेत्रात आहे,” मी म्हणालो.

“भजन?”

“भजनही असते जी.” यात खोटं काही नव्हतं. मालकाच्या हुकमावरून मशीन रोज आरतीनंच सुरू व्हायचं.

“उत्तम,” सर म्हणाले. “आमचं एकच पाहणं आहे. ज्या घराचा दारूशी संबंध, त्या घराशी आमचा संबंध नाई.” आणि पुढचा बराच वेळ त्यांनी आम्हा दोघांना, चहा निवेपर्यंत, व्यसनाचे दुष्परिणाम समजावून सांगितले. येत्या रविवारी ते जामला आमच्याकडे येऊन पक्कं करणार होते.

घरी आल्यावर प्रांजलीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “रविवारी मी त्यांना खरं सांगणार आहे.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? तुम्ही चोरी करून राह्यले का बाबा?”

“चोरी असती तर सांगता आलं असतं पोरी. चोर प्रत्येक घराण्यात एखादा असते, लोक समजून घेतात. बारचं कोणी समजून घेत नाई.”

“मंग न समजणाऱ्या घरात मी जाऊ कशाले?” ती म्हणाली. आणि नंतर स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ भांडी आपटत होती. नितीनवर तिचा किती जीव होता ते मला त्या भांड्यांवरून समजलं. पोरगी आपल्या तोंडानं आपलं लग्न मोडणार आणि तेही माझ्या पोटापाण्यापायी, या विचारानं मला अन्न गोड लागेना.

याच आठवड्यात कंपनीनं मशीनमध्ये सुधारणा केली. गाणं वाजताना ते निवडणाऱ्याचं नाव पडद्यावर यायला लागलं. लोकांना आपलं नाव मोठ्या अक्षरात बघायला आवडतं, असा त्यांचा अभ्यास होता. तो त्यांनी बहुतेक ज्या गावात दारू चालते तिथे केला असावा. पहिल्याच दिवशी सीमामध्ये हाहाकार झाला. फोनमध्ये ज्यानं जे नाव घातलेलं, ते पडद्यावर झळकायला लागलं. एक लावणी लागली आणि खाली अक्षरं आली: ‘निवड: बंडूची आई’. बिचारा बायकोचा फोन घेऊन आला होता. पाहुणे पटापट उठून जायला लागले. मालकानं मला फोन केला, “आत्ताच्या आत्ता ये अन् हे नावाचं बंद कर.”

तो गुरुवार होता. दिवेलागणीला मी पोचलो. सगळ्यांची नावं एकदम बंद करणं माझ्या हातात नव्हतं, ते नागपूरहून व्हायचं होतं. नागपूरवाले म्हणाले, थोडा वेळ लागेल. तोवर माझ्या फोनवर गाण्यांची रांग दिसत होती आणि त्यातलं एकेक नाव मी हातानं बदलू शकत होतो. मी भिंतीशी स्टूल टाकून बसलो आणि प्रत्येकाला ‘पाहुणे’ करत सुटलो.

खांबाआडून टक टक टक ऐकू आलं.

“आलो पाहुणे!” शंकर धावला.

दुसरा ग्लास गेला असणार, कारण लगेच माझ्या फोनवर एक गाणं रांग मोडून सगळ्यांच्या पुढे आलं. देशभक्तीचं. त्याच्यापुढे नाव होतं: ‘ढगे सर, अध्यक्ष, दारूमुक्त गाव समिती, सेलू’.

आमच्याकडे पदाशिवाय माणूस फोनसुद्धा वापरत नाही, त्याचं मला नवल वाटलं नाही. पण नाव बदलायला उचललेला माझा अंगठा वरच थांबला. वाजणाऱ्या लावणीचं शेवटचं कडवं चालू होतं. ते संपेपर्यंत मला ठरवायचं होतं. नाव जाऊ दिलं असतं तर ज्या माणसानं मला चहा निवेपर्यंत ऐकवलं होतं, त्याचा भर बारमध्ये पंचनामा झाला असता. खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड वाटलं. अंगठा तसाच धरून मी ते चित्र डोळ्यांपुढे आणून पाहिलं. मग नितीनचा चेहरा आठवला, भांडी आठवली, आणि मी नाव पुसून ‘पाहुणे’ लिहिलं.

ढोल वाजले, गाणं सुरू झालं. खांबाआडून ढगे सर उठले आणि सावधान उभे राहिले. एकेक करून सगळा बार उभा राहिला. मीही स्टुलावरून उठलो. आणि तेव्हा सरांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

गाणं लांबलचक होतं. ते संपेपर्यंत आम्हा दोघांना हलता येत नव्हतं. हात शिवणीला, छाती पुढे, आणि नजर एकमेकांवर. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं, पडद्यावरच्या ‘पाहुणे’कडे पाहिलं. हुशार माणूस, त्यांना सगळं समजलं. शेवटचा जयजयकार झाल्यावर ते माझ्यापाशी आले. तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता.

“काऊन पाहुणे,” मी रीतीप्रमाणे विचारलं, “इकडे कसे?”

सरांनी घसा साफ केला. “लग्नाले… लग्नाचंच बोलाले आलतो.”

“मीही लग्नाच्याच काळजीत आहो जी.”

“काळजी करू नका,” ते म्हणाले आणि मागच्या दारानं निघून गेले.

रविवारी ते जामला आले. पोहे झाले, चहा झाला, आणि प्रांजली सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, “सर, एक सांगायचं आहे. माझे बाबा बारमध्ये गाण्याच्या मशीनचं काम करतात. ते पीत नाहीत. पण त्यांच्या कामाची मला लाज नाही, आणि लपवून मला लग्न करायचं नाही.” बायकोनं पदर तोंडाशी नेला. नितीन तिच्याकडे असा पाहत होता की त्याच क्षणी मी त्याला जावई मानून टाकलं.

ढगे सर उठून उभे राहिले. “पोरी,” ते म्हणाले, “कोणतंही काम हलकं नसते. चिखलात कमळ असते तसा तुझा बाप आहे. मले या घराण्याचा अभिमान वाटते.” पुढे ते श्रमप्रतिष्ठेवर बोलले. आमच्या शेजाऱ्यांनीही खिडकीतून ऐकलं. बोलताना ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हते.

ते गेल्यावर प्रांजली मला येऊन बिलगली. “पाह्यलं बाबा? खरं बोललं की असं होते. तुम्ही उगाच घाबरत होते.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? पुढचे कित्येक दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगायची, आणि शेवटी माझ्याकडे बघून म्हणायची, “बाबांना तर वाटलं होतं मोडते आता!” मी हसायचो आणि आतून पोळायचो. ते खरं बोलणं तिनं एकटीनं, जीव मुठीत धरून केलं होतं. ते त्या दिवशी मुळीच कामी आलं नव्हतं, हे मी तिला कोणत्या तोंडानं सांगू? गुरुवार उलटला की तिचा प्रश्न मात्र चुकत नव्हता. मी म्हणायचो, सात नंबर आजकाल येत नाही.

लग्न सेलूला झालं. सरांच्या आग्रहामुळे खुर्च्या-टेबलं नव्हती, संस्कार म्हणून खाली पंगत होती. मांडवात मी एक गंमत पाहिली. दोन्हीकडचे मामे, काके, आतेभाऊ, मावसे यांची ओळख करून देणं चालू होतं. “हे आमचे हिंगणघाटचे मामा.” “नमस्कार, पहिल्यांदाच भेट!” यातले निम्मे एकमेकांना सीमाच्या टेबलांवरून वर्षानुवर्षं ओळखत होते. पण सगळे इतक्या नव्यानं भेटले की मला त्यांचं कौतुक वाटलं.

शंकरला मी आग्रहानं बोलावलं होतं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून, साडीचा पुडा घेऊन आला. खांद्यावर रुमाल नसल्यामुळे तो अवघडल्यासारखा दिसत होता. मांडवाच्या तोंडाशी त्याला बघून मघाचे सगळे मामे आणि काके एकदम दुसरीकडे बघायला लागले. कोणाला चप्पल सापडेना, कोणाला फोन आला. प्रांजलीनं मात्र दुरून त्याला पाहिलं आणि नवरीच्या शालूत धावत आली. “हे शंकरकाका! बाबांच्या बारमधले. तुमच्यापैकी कोणी ओळखत नसेल.”

शंकरनं पंगतीवर एक नजर फिरवली. “नाई ताई,” तो हसत म्हणाला, “इथं मले कोणीच ओळखत नाई.”

तिनं त्याला हाताला धरून पंगतीत बसवलं, माझ्या शेजारी. समोरच्या रांगेत ढगे सर मान खाली घालून वरण-भात कालवत होते. नवरा-नवरी पंगतीत जिलबी वाढायला निघाले. सगळे जेवायला लागले, मांडवात भुरक्यांशिवाय आवाज नव्हता.

सरांना ठसका लागला. पाणीवाला पार दुसऱ्या टोकाला होता. सरांनी मान वर न करता, सवयीनं, अंगठी स्टीलच्या ग्लासावर आपटली.

टक टक टक.

“आलो पाहुणे!” शंकर भरल्या ताटावरून उठला. उष्टा हात तसाच ठेवून त्यानं डाव्या हातानं तांब्या उचललासुद्धा. आणि मग आपण कुठे आहोत हे लक्षात येऊन जागच्या जागी उभा राहिला.

सबंध पंगतीचा घास हातात राहिला.

प्रांजली जिलबीचं ताट घेऊन मध्येच थांबली. तिनं शंकरकडे पाहिलं. सरांच्या अजून अधांतरी असलेल्या अंगठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला पानातलं लोणचं फार निरखून बघावंसं वाटलं.

तिनं जिलबीचं ताट नितीनच्या हातात दिलं, शंकरच्या हातातला तांब्या घेतला. “काका, तुम्ही बसा. जेवा.” मग ती सासऱ्यांपुढे वाकली आणि त्यांचा ग्लास काठोकाठ भरला.

“घ्या,” ती म्हणाली. “काऊन पाहुणे, इकडे कसे?”

ढगे सरांचा ठसका थांबला होता. त्यांनी सूनबाईकडे पाहिलं. हेडमास्तर म्हणून त्यांच्यासमोर किती पोरं उभी राहिली असतील, पण त्या वेळी ते स्वतः वर्गाबाहेर उभे केल्यासारखे दिसत होते.

“लग्नाले,” ते हळूच म्हणाले. “लग्नाले आलतो बाई.”

ती तांब्या घेऊन माझ्यापुढे आली. डोळ्यांत पाणी होतं की हसू, मला नीट दिसलं नाही.

“अन् बाबा, तुम्ही?”

मी ग्लास पुढे केला.